फोल्डिंग सायकलचा लांब सीटपोस्ट लवतोय, कडक कसा करावा?

पूर्णा_पॅसेंजर

२० इंची चाकांची फोल्डिंग सायकल आहे, फ्रेम ॲल्युमिनियमची. परभणी–नांदेड रोजचं येणं-जाणं रेल्वेनं, आणि दोन्ही टोकांना मिळून १४ किमी सायकल. त्यामुळे ‘मोठ्या फ्रेमची घ्या’ हा सल्ला कृपा करून नको. सकाळच्या गाडीत अख्खी सायकल दारात उभी करू देणारा प्रवासी अजून जन्माला यायचाय.

उंची १८८ सेंमी, वजन ९५ किलो. सीटपोस्ट (सीटखालची उभी नळी) ॲल्युमिनियमचा, बाहेरचा व्यास ३३.९ मिमी, लांबी ५८० मिमी. माझ्या उंचीला कॉलरपासून (फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट आवळणारी कडी) सीटच्या रेलपर्यंत (सीटखालच्या दांड्या) ४३० मिमी बाहेर राहतो, १५० मिमी आत. पोस्ट किमान किती आत हवा ती खूण बुडालेली आहे. खालच्या टोकाशी व्हर्नियर लावला तर नळीची जाडी २.४ मिमी, म्हणजे आतला व्यास २९.१.

त्रास असा : पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला सीट मागं-पुढं झुलते. फाटकावरचे रूळ ओलांडताना तर सीट मागं झुकून परत येते हे स्पष्ट जाणवतं. क्विक रिलीज घट्ट आहे, पोस्ट खाली घसरत नाही.

चार उपाय कानावर आलेत. जाड नळीचा पोस्ट घेणं, आत सागवानी दांडा ठोकणं, आत सिमेंट किंवा इपॉक्सी भरणं, आणि फ्रेमची सीट ट्यूब (पोस्ट जिच्यात जातो ती नळी) वेल्डिंग करून ६० मिमी वर वाढवणं. यातलं खरंच कामाचं काय, आणि किती?

बालाघाट_रायडर

खर्च करण्याआधी फुकटातल्या दोन गोष्टी बघून घ्या.

मागच्या टायरची हवा. २० × १.७५ चा टायर असेल आणि हवा ३५–४० पीएसआय असेल, तर ९५ किलोला तो टायरच दर फेऱ्याला दबतो. बसणाऱ्याला वाटतं पोस्ट झुलतोय. टायरच्या कडेवर जी कमाल हवा छापलेली असते तिच्या जरा खाली, बहुतेक टायरना ६० च्या आसपास, भरून एक चक्कर मारा.

दुसरं, सीटची उंची. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. कंबर कलत असेल तर सीट जास्त वर आहे आणि ती डावी-उजवी हालचाल तुम्हीच पोस्टला देताय. १० मिमी खाली घेतली तरी नळीचा वाक ७ टक्क्यांनी कमी होतो, कारण वाक लांबीच्या घनावर चालतो.

लेथवाला_वाळूज

भाऊ, चारही उपाय बाजूला ठेवा आणि आधी मोजा. ‘लवतोय’ या एका शब्दात दोन वेगळी दुखणी असतात. एकात नळी स्वतः वाकते आणि सरळ होते. दुसऱ्यात नळी वाकत नाही, कॉलरच्या खाली आतल्या आत डुलते, म्हणजे प्ले. बुडाला दोन्ही सारखीच लागतात, औषध मात्र एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

मोजायला सामान फार नको : सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा, व्हर्नियर, दोन होज क्लिप आणि ७०० मिमी लांबीचा २५ × ३ चा लोखंडी अँगल.

अँगल सीट ट्यूबला दोन होज क्लिपनी घट्ट बांधा, असा की त्याचं वरचं टोक सीटच्या रेलपर्यंत पोचेल पण पोस्टला कुठंच टेकणार नाही. हा तुमचा संदर्भ. तो सीट ट्यूबवरच बसल्यामुळे टायर दबला, बिजागरी हलली, सायकल सरकली, तरी मापात ते येत नाही. फक्त कॉलरच्या वरचं आणि आतलं येतं.

सीट ट्यूबच्या मुळाशी दोरी बांधून ती समोरच्या खांबाला ताणा. हँडल एकानं धरावं. दुसरी दोरी सीटच्या रेलला, तिला काटा. आता सीट हातानं पुढं ढकलून सोडा. अँगलचं टोक आणि रेलचा क्लॅम्प यातलं अंतर मोजा, तो शून्य. मग मागं आडवं ओढत ५, १०, १५, २० किलोला अंतर नोंदवा. पोस्ट तुम्ही रोज चालवता त्याच उंचीवर हवा.

तुमच्या नळीचा हिशोब असा येतो : १० किलोच्या ओढीला निव्वळ नळी साधारण १.२७ मिमी वाकली पाहिजे, २० किलोला २.५. नळीचा वाक ओढीच्या प्रमाणात सरळ वाढत जातो. प्ले तसा वाढत नाही, तो पहिल्या दोन-तीन किलोतच संपतो. म्हणून एकच आकडा घेऊ नका, चारही घ्या.

आणि एक. पोस्ट पूर्ण बाहेर काढा. सीट ट्यूबमध्ये प्लास्टिकचा बुश (पोस्टभोवतीचं नळीसारखं अस्तर) असेल. त्याची लांबी, आणि वरच्या व खालच्या टोकाचा आतला व्यास, दोन्ही कळवा. व्यास एकाच दिशेनं घेऊ नका, पुढं-मागं आणि डावं-उजवं असा दोनदा घ्या, कारण घासलेला बुश लंबगोल झालेला असतो.

पूर्णा_पॅसेंजर

मोजलं. टायर ६० पीएसआय केला, थोडा फरक आहे पण झुलणं कायम.

५ किलो : ३.४ मिमी. १० किलो : ४.१. १५ किलो : ४.७. २० किलो : ५.३.

बुश पांढऱ्या प्लास्टिकचा, लांबी फक्त ८० मिमी. वरच्या टोकाला आतला व्यास ३४.० (डावं-उजवं आणि पुढं-मागं सारखाच). खालच्या टोकाला डावं-उजवं ३४.१, पुढं-मागं ३४.४. बुशच्या आत काळ्या मातीची पेस्टच झालेली होती.

लेथवाला_वाळूज

हे आकडे सगळं सांगतात. ५ ते २० किलोमध्ये, म्हणजे १५ किलोत, वाढ १.९ मिमी. दर ५ किलोला सुमारे ०.६३. नळीच्या हिशोबाशी हे जवळपास जुळतं, म्हणजे नळी जशी असायला हवी तशी आहे, तिच्यात दोष नाही. आता ५ किलोच्या ३.४ मधून हे ०.६३ वजा करा. उरतात २.८ मिमी. ओढ शून्य असतानाची ही हालचाल निव्वळ प्ले आहे.

दुसऱ्या बाजूनं ताळा करा. वर कॉलर पोस्टला आवळून धरते, खालचं टोक सुटं. बुशच्या तळाशी मोकळीक ३४.४ वजा ३३.९, म्हणजे ०.५ मिमी. कॉलरवर टेकून पोस्ट तराजूसारखा डुलतो : खाली ८० मिमीवर अर्धा मिमी, तर वर ४३० मिमीवर ०.५ × ४३० ÷ ८०, म्हणजे २.७. मोजलेल्याशी जुळलं.

म्हणजे २० किलोच्या ओढीला जे ५.३ मिमी दिसतं त्यातलं निम्म्याहून जास्त पोस्टचं नाहीच. त्या पोस्टात तुम्ही सागवान ठोका नाहीतर शिसं ओता, हे २.८ मिमी तसंच राहणार.

कारणही दिसतंय. पोस्ट १५० मिमी आत आहे, पण बुश फक्त ८० मिमीचा. खालची ७० मिमी नळी सीट ट्यूबमध्ये नुसती लोंबकळते, कुणाला टेकत नाही. त्यात रोज दोनदा पोस्ट वर-खाली होतो आणि धूळ पॉलिश पेपरचं काम करते. प्लास्टिक पुढं-मागं घासणारच, कारण भार त्याच दिशेचा.

नवा बुश करून घ्या. डेलरिनच्या (एक कडक, गुळगुळीत प्लास्टिक) रॉडमधून, कुठलाही बरा टर्नर (लेथवर काम करणारा) करून देईल. नायलॉन टाळा, तो पाणी पितो आणि पावसाळ्यात फुगून पोस्ट अडकतो. मापं :

लांबी १४० मिमी, वर ३ मिमीची कॉलर-लिप जुन्यासारखी. बाहेरचा व्यास तुमच्या सीट ट्यूबच्या आतल्या व्यासापेक्षा ०.०५ मिमी कमी (जुन्या बुशवरून माप घेऊ नका, तो दबलेला असतो, ट्यूबचं घ्या). आतला व्यास ३४.०. म्हणजे पोस्टभोवती ०.१ ची मोकळीक. याहून घट्ट ठेवायचा मोह होईल, पण मे महिन्यात ४३–४४ अंशांत स्टेशनबाहेर उभी राहिलेली सायकल आणि डेलरिन यांचं पटत नाही. धातूच्या कितीतरी पट तो फुगतो, मग पोस्ट खाली जाता जात नाही.

चीर फक्त वरच्या ४५ मिमीत, २.५ मिमी रुंद, आणि चिरेच्या शेवटी ५ मिमीचं गोल छिद्र. छिद्र नसेल तर चीर तिथून तडकत खाली जाते. खालचे ९५ मिमी अखंड गोल ठेवा. जुन्या बुशना वरपासून खालपर्यंत चीर असते, त्यामुळे खालचा भाग पसरायला मोकळा राहतो. बुशची चीर आणि फ्रेमची चीर एका रेषेत आणा. जुन्यावर फिरू न देणारी खुंटी असेल तर नव्यावरही ती हवी.

टर्नरकडे जाण्याआधी सीट ट्यूबमध्ये बोट किंवा वाकडी तार घालून १४० मिमीपर्यंत वेल्डिंगचा उंचवटा लागतो का ते बघा. लागत असेल तर बुश त्याच्या वरच थांबवा, १२० चा झाला तरी चालेल.

नव्या बुशनंतर खालची मोकळीक ०.१, टेकू १४० वर. वरचा प्ले ०.१ × ४३० ÷ १४० म्हणजे ०.३ मिमी. २.८ वरून ०.३.

गोदाकाठ

लेथवाले बरोबर सांगायलेत पण एवढा खटाटोप कशाला? ३३.९ चा कार्बन पोस्ट मिळतो ऑनलाइन. कडक बी, हलका बी. लावा आणि मोकळे व्हा.

मापात_राहा

गोदाकाठ, पोस्ट कशाचाही घाला, तो ३४.४ च्या भोकात डुलणारच. आणि कार्बनचा कडकपणा धाग्यांच्या दिशेवर आणि थरांवर असतो, बाहेरून बघून कळत नाही. बरेच कार्बन पोस्ट तर मुद्दाम लवचीक केलेले असतात, धक्का कमी बसावा म्हणून. त्यात रोज मातीच्या बुशमधून वर-खाली म्हणजे पृष्ठभागावर रोज नवे ओरखडे. ९५ किलो आणि ४३० मिमीला अनोळखी बनावटीचा कार्बन पोस्ट मी सुचवणार नाही.

आता मूळ प्रश्नातले चार उपाय. यात वाकाचा नियम लक्षात ठेवा : वाक = बल × लांबीचा घन ÷ (३ × धातूचा ताठपणा × छेदाचा जडत्वघूर्ण). जडत्वघूर्ण म्हणजे धातू मधल्या अक्षापासून किती लांब पसरलाय त्याचं माप. धातूचा ताठपणा म्हणजे यंग गुणांक. तो ॲल्युमिनियमला सुमारे ६९ गिगापास्कल, स्टीलला सुमारे २००. ॲल्युमिनियमचा ग्रेड बदलला की ताकद बदलते, ताठपणा जवळजवळ तोच राहतो. म्हणून ‘७०७५ चा पोस्ट घ्या, कमी लवेल’ हे दुकानातलं वाक्य सोडून द्या.

जाड नळी : २.४ ची ३.४ मिमी केली तर ताठपणा २९ टक्के वाढतो, वजन ३७ टक्के. आतल्या बाजूला वाढवलेला धातू मधल्या अक्षाच्या जवळ बसतो, म्हणून फारसा कामाला येत नाही. बाहेरचा व्यास वाढवता आला असता तर बहार होती, पण फ्रेम ३३.९ वर अडकलेली आहे.

सागवान : पूर्ण भरीव दांडा अगदी घट्ट बसवला तरी १८–१९ टक्के. तोही कागदावर. उन्हाळ्यात आपल्याकडं लाकूड सुकून आकसतं आणि आत खडखडतं, श्रावणात फुगतं.

नुसतं इपॉक्सी : ५ टक्के. वजन पाव किलो. 

सिमेंट : ताणाच्या बाजूला पहिल्याच खड्ड्यात बारीक तडे, त्यानंतर त्याचा उपयोग शून्य आणि अर्धा किलो ओझं कायमचं. हा उपाय कुणी सुचवला त्याच्याकडून सायकल दुरुस्त करून घेऊ नका.

सीट ट्यूब वाढवणं : गणितानं हा सगळ्यात जोरदार. बाहेरची लांबी ४३० ची ३७० झाली तर वाक ३६ टक्के कमी. पण तुमची फ्रेम ॲल्युमिनियमची. ६०६१ या ॲल्युमिनियम ग्रेडचा टी-६ कडकपणा उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेला असतो. वेल्डिंगच्या आजूबाजूचा पट्टा तो कडकपणा घालवून बसतो आणि तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. फॅक्टरी वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालते. वेल्डिंगच्या दुकानात ते होत नाही. नेमका सगळ्यात जास्त वाकणारा भागच मऊ करून ठेवायचा, वर घडी घातल्यावर सीट ६० मिमी उंच राहणार ती वेगळीच. नको.

दोन तुकड्यांचा टेलिस्कोपिक पोस्ट कुणी सुचवलाच तर तोही नको. जिथं एका जोडानं दमवलं तिथं दुसरा जोड.

यादीत नसलेला पाचवा उपाय खरा उपयोगी आहे : पोस्टच्या आत धातूची नळी. २८.६ मिमी बाहेरच्या व्यासाची, १.२ मिमी जाडीची स्टीलची नळी (सायकलच्या सीट ट्यूबचं जुनं, ओळखीचं माप) तुमच्या २९.१ च्या भोकात जाते. एकूण ताठपणा १.९५ पट.

इथं दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली : पूर्ण लांबीभर नळी घालायची गरज नाही. वाकवणारा जोर कॉलरपाशी सगळ्यात जास्त असतो आणि सीटकडे जाताना शून्यापर्यंत उतरतो. बसल्यावर सीटवर ६० किलो धरले आणि पोस्टचा कल २० अंश धरला, तर आज नळीचा वाक २.६ मिमी येतो. पूर्ण ४३० मिमी भरलं तर १.३४. कॉलरपासून फक्त २५० मिमी वर भरलं तर १.४३. वरच्या १८० मिमीत नळी घालून मिळणार एक दशांश मिमी, आणि वजन दीडशे ग्रॅम. घालू नका. कॉलरच्या खाली मात्र ९० मिमी तरी जाऊ द्या, म्हणजे नळी एकूण ३४० मिमी.

दुसरी : दोन्ही नळ्यांचा मध्य एकच असल्यामुळे त्या चिकटवल्या काय, नुसत्या घट्ट बसवल्या काय, ताठपणा सारखाच वाढतो. गोंदाचं काम फक्त फट भरणं आणि आवाज थांबवणं. म्हणून इथं गोंदाच्या ताकदीची चिंता करू नका, फट कमी ठेवण्याची करा. फट राहिली तर बाहेरची नळी तेवढी वाकून मगच आतलीला टेकते.

सीट रेलवर २० मिमी पुढं घेता येत असेल तर तेही करून बघा. तेवढ्यानं नळीचा वाक साधारण अर्धा मिमी उतरतो. गुडघ्याला त्रास वाटला तर परत मागं.

लेथवाला_वाळूज

वरच्या हिशोबाशी सहमत, फक्त स्टीलऐवजी ॲल्युमिनियम घ्या असं सांगेन. ३० मिमीचा रॉड, बाहेरून २९.० पर्यंत टर्न, आतून २१ चं भोक, म्हणजे ४ मिमी जाडी. ताठपणा १.८५ पट येतो, ३४० मिमीचं वजन २९० ग्रॅमच्या आत, म्हणजे स्टीलच्या नळीइतकंच. फायदे दोन. फट प्रत्येक बाजूला पाव मिमीऐवजी ०.०५ राहते, कारण नळी तुमच्या भोकाला मापून केलेली. आणि पोस्टच्या आत पाणी शिरलं की स्टील-ॲल्युमिनियमच्या जोडीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, ती भानगड राहत नाही. ग्रेड बाजारात मिळेल तो, ६०६३ सुद्धा चालेल.

टर्नरला सांगताना : भोक दोन्ही टोकांकडून १७०–१७० करा, एका बाजूनं ३४० मारलं तर ड्रिल भरकटतं. वरच्या टोकाचे शेवटचे २० मिमी आतून निमुळते करा, कडेला जाडी १ मिमीपर्यंत. आतली नळी जिथं अचानक संपते तिथं बाहेरच्या नळीवर ताण एकवटतो, निमुळतं केलं की तो पसरतो.

पण रॉड विकत घेण्याआधी पोस्टच्या आत काडी घालून बघा. बऱ्याच पोस्टची भिंत वर डोक्याकडे आतून जाड होत जाते. खालच्या टोकापासून ४०० मिमीपर्यंत (६० सोडून ३४०) २९.१ चं भोक एकसारखं आहे याची खात्री हवी. २९.० मिमीची एक ठोकळी करून ती काडीला लावून आत सरकवली की कळतं.

कॉलर ज्या पट्ट्यात येते तिथं पोस्टला भोक, रिव्हेट, खाच, काही म्हणजे काही करू नका. घसरू नये म्हणून तिथं नर्लिंग (पृष्ठभागावर खरखरीत खाचा) करून देणारेही आहेत. ते म्हणजे तडा कुठून सुरू व्हावा याची रेष आखून देणं.

बालाघाट_रायडर

तड्यावरून एक भर. ॲल्युमिनियमला स्टीलसारखी ‘याच्या खाली कितीही वेळा वाकवा, तुटणार नाही’ अशी मर्यादा नसते. वरच्या मापांनी बसल्या जागी कॉलरपाशी ताण ५० मेगापास्कलच्या आसपास येतो, मोठ्या खड्ड्यात अडीचपट धरला तर १२५. ६०६१-टी६ कायमचा वाकायला सुमारे २७६ लागतात, तेव्हा एका खड्ड्यात काही होणार नाही. पण ५० कोटी आवर्तनांसाठी त्याची थकवा-ताकद (तेवढ्या वेळा वाकूनही न तुटता सोसणारा ताण) ९५ च्या आसपासच धरतात, आणि ओरखडे असतील तर त्याहून कमी. म्हणजे रोजचे धक्के साठत जातात. आतली नळी घातल्यावर हा ताणही जवळपास निम्म्यावर येतो, वाक कमी होण्याइतकाच हा फायदा मोठा समजा.

दर दोन महिन्यांनी पोस्ट बाहेर काढून पुसा आणि कॉलरच्या रेषेत मागची बाजू बघा. बसल्यावर पुढची बाजू ताणली जाते की मागची, असा वाद घालत बसू नका, दोन्ही बघा. आडवी केसासारखी काळी रेष दिसली आणि नखाला लागली, तर पोस्ट त्याच दिवशी बाद. पॉलिश करून ‘गेली का’ बघायचं नाही.

बुश आणि पोस्ट यांच्यात तेल-ग्रीस नको. घसरेल, आणि धूळ धरून ठेवेल. कोरडं फडकं पुरे.

पूर्णा_पॅसेंजर

सगळं नीट कळलं. पोस्टच्या आत काडी घातली, भोक ४२० मिमीपर्यंत एकसारखं आहे. तीन शंका : इपॉक्सी कुठलं आणि किती, नळी आत ६० मिमीवर थांबवायची कशी, आणि बुश आधी की नळी आधी?

लेथवाला_वाळूज

इपॉक्सी साधं, सावकाश घट्ट होणारं, २४ तासांचं. पाच मिनिटांचं घेतलं तर नळी अर्ध्यात असतानाच अडकेल आणि मग ना आत ना बाहेर. फटीत भरायला लागतं जेमतेम दीड मिली. वाया जाणारं धरून १० ग्रॅम कालवा, पाकिटावरच्या प्रमाणात. उन्हात तापलेल्या पोस्टमध्ये असलं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, तरी वर सांगितल्याप्रमाणे ताठपणा त्याच्यावर अवलंबून नाही. नळी खाली सरकू नये एवढं बघायचं, आणि ते गोंदावर सोडायचं नाही.

पोस्टचं भोक आणि नळी दोन्हींवर १२० चा पेपर फिरवा, ॲसिटोननं पुसा. आधी कोरडी नळी घालून बघा, हाताच्या जोरानं गेली पाहिजे. हातोडी लागत असेल तर नळी पुन्हा लेथवर, पोस्टला ठोकायचं नाही. लाकडी काठीवर ६० मिमीची खूण करा. इपॉक्सी नळीला लावा, भोकाला नको, नाहीतर सगळं वर ढकललं जाऊन डोक्यात साठेल. निमुळतं टोक वर. फिरवत फिरवत खालून सरकवा, काठीची खूण पोस्टच्या कडेला आली की थांबा. बाहेर आलेलं लगेच पुसा. पोस्ट उलटा, सीटची बाजू खाली, उभा करून २४ तास सावलीत. उलटा यासाठी की वजनानं नळी बाहेर येऊ नये. वर सरकू नये म्हणून ती काठी तिथंच टेप लावून ठेवू नका, चिकटेल. नळी पुरेशी घट्ट असेल तर सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी खाली उरलेल्या ६० मिमीत २५ मिमीच्या पीव्हीसी पाइपचा ५० मिमी तुकडा घाला आणि वर रबरी बूच मारा. इपॉक्सीनं कधी साथ सोडली तरी नळी त्या तुकड्यावर टेकून राहील, आणि घडी घातल्यावर पोस्ट जमिनीला टेकतो तेव्हा आत मातीही जाणार नाही.

क्रम : बुश आधी. बसवा, चार दिवस चालवा, आणि अँगल बांधून तोच तक्ता पुन्हा भरा. ५ किलोला १ मिमीच्या आसपास आणि २० ला २.८–२.९ आलं तर बुश जमला. ५ किलोलाच २ च्या वर दाखवत असेल तर प्ले अजून आहे. टर्नरकडे परत जा, नळीच्या रॉडला हात लावू नका. आणि बुशनंतर झुलणं इतकं कमी वाटलं की नळीची गरजच भासली नाही, तर उरलेला वाक राहू द्या. रूळ ओलांडताना तेवढा स्प्रिंग कंबरेला लागतोच.